अधिसूचना शुक्रवारी, बोली शनिवारी: जगाच्या उलथापालथीत मराठवाड्यातल्या मध्यम उद्योगाने निर्णय कसे आखावेत

खाद्यतेलावरचं आयात शुल्क १३ सप्टेंबर २०२४ ला वाढलं आणि ३० मे २०२५ ला उतरलं. योगायोग असेल, पण दोन्ही दिवस शुक्रवार होते. दिल्लीत कागद निघतो आणि दुसऱ्या सकाळी लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची चर्चा त्या कागदापासून सुरू होते. वाळूजच्या प्रेसशॉपला, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या कारखान्याला, असा धक्का त्याच दिवशी बसत नाही. तो पाच-सहा आठवड्यांनी येतो, ग्राहकाच्या कापलेल्या शेड्यूलच्या, म्हणजे घटलेल्या मागणीच्या रूपात. तोवर पत्रा येऊन पडलेला असतो आणि कंत्राटी मुलांची नवी बॅच लागलेली असते.

हा लेख वीस ते दोनशे माणसांच्या उद्योगासाठी आहे. वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्यातले सुटे भाग बनवणारे, जालन्यातले रोलिंग मिलवाले, लातूर-उदगीरचे डाळ मिलवाले, परभणीकडचे जिनिंगवाले, कुणीही घ्या. एवढ्या उद्योगाला जगाचा अंदाज बांधायला माणूस ठेवणं परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. ज्यांच्याकडे अशी माणसं आहेत त्यांचेही अंदाज चुकतात. आपल्याला करता येण्यासारखं काम वेगळं आहे: कोणता आकडा कुठे गेला की आपण काय करायचं, हे डोकं शांत असताना लिहून ठेवायचं. खालची पहिली चार कामं एका तिमाहीत मार्गी लागतात.

पहिलं काम: महिन्याचा एक कागद

सीएकडून येणारा ताळेबंद इथे कामाचा नाही. तो वर्ष संपल्यावर येतो आणि बँकेसाठी बनलेला असतो. तुम्हाला हवा आहे एका पानाचा हिशेब: सरासरी महिन्यात किती आले, कुठे गेले, आणि त्यातलं विक्रीबरोबर काय कमी-जास्त होतं.

समजा, महिन्याला जीएसटी सोडून एक कोटीची विक्री असलेलं प्रेसशॉप आहे. कच्चा माल ६२ लाख, पगार आणि कंत्राटी मजुरी १३, वीज ५, टूलिंग आणि किरकोळ वस्तू ३, वाहतूक-पॅकिंग २, भाडं-ऑफिस ४, व्याज ३, कर्जाचे हप्ते ४. बेरीज ९६. हातात उरले चार लाख.

आता विक्री पंचवीस टक्के पडली असं धरा. माल ४६.५ वर येईल, टूलिंग २.२५, वाहतूक १.५. वीज मात्र ३.७५ वर येणार नाही, कारण बिलातला मागणी आकार (डिमांड चार्ज) वापरलेल्या युनिटवर नसून मुख्यतः करारातल्या मंजूर मागणीवरून ठरतो. ती ४.२ च्या आसपास राहील. मजुरी फार तर ११ पर्यंत खाली येईल, कारण डाय सेटर आणि टूल रूमचा माणूस कुणी घरी बसवत नाही. भाडं, व्याज, हप्ते मिळून ११ जसेच्या तसे. बेरीज साडेशहात्तर, विक्री पंचाहत्तर. म्हणजे पाव हिस्सा विक्री गेली की नफा तर जातोच, वर दीड लाख घरचे घालावे लागतात.

ही आकडेमोड स्वतःच्या आकड्यांवर करा: विक्री १०, २५ आणि ४० टक्क्यांनी घटली तर काय होतं? चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. मालक सगळा खर्च विक्रीच्या प्रमाणात उतरवतो आणि ४० टक्क्यांच्या घसरणीतही नफा दाखवणारा कागद घेऊन बसतो. मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि हजेरीपत्रकं समोर ठेवली की हा भ्रम जातो. एप्रिल ते जून २०२० चे कागद जपून ठेवले असतील तर फारच उत्तम. विक्री शून्याजवळ असताना कोणता खर्च थांबला नाही, याची ती अस्सल नोंद आहे.

दुसरं काम: धागा शेवटपर्यंत ओढून बघणं

जगातल्या शंभर बातम्यांपैकी तुमच्या वहीत पाच-सहाच उमटतात. त्या शोधायला कागदावरची प्रत्येक मोठी ओळ घ्या आणि तिच्या मागे तीन पायऱ्या जा. ग्राहकाचा ग्राहक कोण, त्याला काय लागतं, ते कुठून येतं?

पहिलीच पायरी बघून थांबलेल्याची फसगत होते. चीनने ४ एप्रिल २०२५ पासून सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटरमधलं चुंबक त्यातलं. वाळूजमध्ये त्या दुचाकीचं प्लास्टिकचं कव्हर बनवणाऱ्याने जन्मात चुंबक विकत घेतलं नसेल, तरी मोटर नाही म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून कव्हरचं शेड्यूल नाही. हा धागा त्याच्या खरेदीच्या यादीत कुठेच दिसत नव्हता.

सोयाबीनचा धागा आणखी फसवा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं तेव्हा भाव चढणार असं धरून अनेकांनी माल भरला. पण त्या हंगामात बाजार बराच काळ ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. कारण सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी जवळजवळ सगळी पेंड. आणि पेंडीची मागणी दुसरीकडूनच पोखरली जात होती: मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात शिरला होता. तेलाची बातमी वाचणारा अठरा टक्क्यांची बातमी वाचत होता. म्हणून धागा ओढताना तो आपल्या मालाच्या किती हिश्शाला लागतो, तेही लिहा.

डाळ मिलसाठी तुरीचे धागे तसे सरळ आहेत. आपली तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत मोंढ्यात येते. म्यानमारची साधारण त्याच सुमाराला निघते, तर मोझांबिकसारख्या आफ्रिकी देशांची ऑगस्टनंतर. केंद्राने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि पुढे ती मुदत वाढत गेली, बहुतेक वेळा ३१ मार्चपर्यंत. त्यामुळे जानेवारी ते मार्च हा काळ अधिसूचनेवर डोळा ठेवायचा. साठामर्यादा हा दुसरा धागा. जून २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्यावर ती लागली तेव्हा मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जास्त असेल तेवढंच ठेवता येत होतं. कापसाचंही तसंच. ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झालं आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, म्हणजे नेमकं आपल्याकडे वेचणी चालू असताना.

तिसरं काम: मर्यादा-पत्रक

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. एका कागदावर पाच, फार तर सहा आकडे. प्रत्येकासमोर चार गोष्टी: तो कुठे आणि किती दिवसांनी बघायचा, कोण बघणार, कोणती मर्यादा ओलांडली की हालचाल करायची, आणि ती हालचाल नेमकी कोणती.

डाळ मिलचं उदाहरण पैशांत मोजून बघू. एक हजार क्विंटल तूर ७,५०० ने भरली. दळणावळ, बारदाना, हमाली, वीज वजा जाता क्विंटलमागे दोनशे रुपये सुटतात असं धरा. आयातीच्या बातमीने भाव सहाशेने पडला, तर साठ्यात सहा लाखांचा खड्डा. दोनशेच्या हिशेबाने तो भरायला तीन हजार क्विंटल दळावी लागेल. रोज दोनशे क्विंटल काढणारी मिल असेल, तर पंधरा दिवस चक्की फुकट फिरली. म्हणून अशा मिलच्या पत्रकातली ओळ अशी हवी: ‘न विकलेला साठा चार दिवसांच्या दळणापेक्षा जास्त नाही. जास्त भरायचा तर तेवढ्या डाळीचा सौदा आधी पक्का. तुरीचा भाव तीन बाजारदिवसांत तीनशेने उतरला तर नवी खरेदी रोजच्या दळणापुरतीच.’ चार आणि तीनशे हे आकडे तुमचे वेगळे असतील. ते तुमच्या खेळत्या भांडवलावरून काढा, शेजारच्या मिलवाल्याचे उसने घेऊ नका.

यावर आडते आणि जुने व्यापारी म्हणतील की धंदा साठ्यातच आहे, दळणात काय मिळतं! खरं आहे, साठ्यात मिळतंही. पण मग तो वेगळा धंदा समजून त्याला वेगळं भांडवल द्या, वेगळं खातं उघडा. दळणासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या कर्जावर) तेजीचा खेळ केला की एका हंगामाच्या चुकीत मिलच बँकेकडे जाते. त्यात सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. वायद्याची वाट बंद असते तेव्हा छोटा साठा हाच विमा.

सुट्या भागांच्या कारखान्यात पहिला आकडा ग्राहकाच्या शेड्यूलचा. दर महिन्याला तीन महिन्यांचा अंदाज येतो आणि नंतर पक्कं शेड्यूल. या दोन्हींतला फरक कुणी लिहून ठेवत नाही, तो लिहायला लागा. पक्कं शेड्यूल अंदाजापेक्षा सलग दोन महिने १५ टक्क्यांनी कमी आलं, तर त्या आठवड्यातच पत्र्याची ऑर्डर कापायची, ओव्हरटाइम बंद करायचा आणि नवी मशीन खरेदी पुढे ढकलायची. दुसरा आकडा वसुलीच्या दिवसांचा. तिसरा स्टीलचा भाव आणि ग्राहकाने मान्य केलेला भाव यांतली दरी. मोठे ग्राहक बहुधा तिमाहीने भाव ठरवून मागचा फरक नंतर देतात, त्यामुळे चढत्या बाजारात तीन-चार महिने तो फरक तुमच्या खिशातून जातो. महिन्याला शंभर टन पत्रा लागत असेल आणि टनामागे दोन हजारांची दरी पडली, तर तीन महिन्यांत सहा लाख अडकले.

मर्यादा-पत्रक कुठे फसतं? एक, आकडे वीस होतात आणि कुणीच बघत नाही. दोन, ‘भाव पडल्यास योग्य तो निर्णय घ्यावा’ असं लिहिलं जातं. हे लिहिण्यापेक्षा कोरा कागद बरा. तीन, मर्यादा ओलांडली गेल्यावर मालक म्हणतो, ‘अजून आठ दिवस बघू.’ हे टाळायला हालचालीचं पहिलं पाऊल खरेदी किंवा हिशेब बघणाऱ्याच्या हातात द्या. त्याने ते परस्पर उचलायचं आणि तुम्हाला कळवायचं. थांबवायचं असेल तर तुम्ही लेखी थांबवायचं. शेठला सही करून थांबवावं लागलं की शेठ दोनदा विचार करतो.

चौथं काम: रोकड

मंदी आली की पहिले दोन महिने बँकेत पैसा बरा दिसतो. जुनी बिलं वसूल होत असतात आणि नवा माल कमी भरलेला असतो. मालकाला वाटतं निभावलं. तिसऱ्या महिन्यात येणारी बिलं घटलेल्या विक्रीची असतात आणि मग दम लागतो.

वर बँकेचं गणित. कॅश क्रेडिटची मर्यादा कागदावर दोन कोटी असली तरी उचल ड्रॉइंग पॉवरइतकीच, म्हणजे साठा आणि येणी बघून निघणाऱ्या रकमेइतकीच मिळते. आपल्या प्रेसशॉपचं बघा. साठ दिवसांची येणी जीएसटीसह २ कोटी ३६ लाख, साठा ६०, पुरवठादारांचं देणं ३५. साठ्यातून देणं वजा, त्यात येणी मिळवा: २६१. पंचवीस टक्के मार्जिन गेलं की उचल १९६ लाख. विक्री पाव हिश्शाने घटल्यावर येणी १७७, साठा ५०, देणं २६, म्हणजे २०१ आणि उचल १५१. पंचेचाळीस लाख आपोआप आटले. बँकेने काही केलं नाही, तुम्हीच दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तसं कळवलंत. आणि मागणी परत फिरते तेव्हा पत्रा भरायला पैसा लागतो, नेमकी तेव्हाच उचल सर्वांत खाली असते. मंदीत तगलेले कारखाने तेजीच्या पहिल्या महिन्यात अडकतात ते यामुळे.

यावर तीन गोष्टी करायच्या. तेरा आठवड्यांचा रोकड तक्ता मांडा: आडव्या ओळीत आठवडे, उभ्यात येणं-देणं, आणि दर सोमवारी एक आठवडा पुढे सरकवा. तक्त्यात जीएसटी भरण्याची २० तारीख, पगाराची ७, पीएफची १५ आणि बोनसचा दिवाळीआधीचा आठवडा आधीच कोरून ठेवा. दुसरी, विक्री चांगली असताना निदान दोन महिन्यांचे हप्ते, व्याज आणि कायम माणसांचे पगार एवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला टाका. हिला हात लावायचा अधिकार दोघांच्या सहीने असावा. तिसरी, बँकेकडे वाढीव मर्यादेसाठी जायचं ते आकडे उत्तम असताना. आग लागल्यावर विहीर खणणाऱ्याला कुठलीच बँक फावडं देत नाही.

वसुलीबद्दल कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. व्यवहारात आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकावर कोण तक्रार करतो? त्यापेक्षा ट्रेड्सची वाट चांगली. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या मंचावर ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे दोन-तीन दिवसांत तुमच्या खात्यात येतात. व्याजदर ग्राहकाची पत बघून ठरतो, तुमची नाही, आणि ग्राहकाने पुढे पैसे थकवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. अडचण एकच: नोंदणी सक्तीची असली तरी बिल मान्य करायला खरेदी विभाग टंगळमंगळ करतो. म्हणून वार्षिक भाव कपातीच्या बोलण्यात हा मुद्दा ठेवा. अर्धा टक्का कपात मान्य, पण बिलं दहा दिवसांत ट्रेड्सवर मान्य झाली पाहिजेत. हा सौदा कित्येकदा दोघांच्याही फायद्याचा ठरतो.

एका ग्राहकावरची भिस्त

१९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांची वस्तीच उभी राहिली. त्या वस्तीतल्या अनेकांची सत्तर-ऐंशी टक्के विक्री अजून एका-दोघांकडेच जाते. पूर्वी यात धोका कमी होता, कारण ग्राहकाचं मॉडेल पंधरा वर्षं चालायचं.

दुसरा ग्राहक मिळवायला वाहन उद्योगात वर्ष ते दीड वर्ष लागतं. चौकशी आणि भाव, कारखान्याचं ऑडिट, डायची ऑर्डर, नमुने, पीपॅपची (भाग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं, चाचणी लॉट, मग कुठे नियमित शेड्यूल. म्हणजे पहिल्या ग्राहकाचं काम घटल्यावर शोध सुरू केला, तर अठरा महिने उपास. शोध ऑर्डर बुक भरलेलं असतानाच सुरू करायचा, आणि त्यासाठी क्षमतेतला दहा टक्के भाग मोकळा ठेवायचा. हे मालकाला सर्वांत जड जातं. चालू मशीन रिकामं ठेवून नमुने काढायचे म्हणजे पोटात गोळा येतो.

सुटे भागवाल्यांनी याच बैठकीत आपल्या भागांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, सायलेन्सर, कार्ब्युरेटरचे सुटे भाग असं इंजिनाबरोबर जाणारं. दुसऱ्यात ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर, चाक, चासी, सीटची फ्रेम असं कुठल्याही गाडीला लागणारं. तिसऱ्यात बॅटरीचा ॲल्युमिनियमचा डबा, मोटरचं हाउसिंग, तांब्याची बसबार असं नव्याने येणारं. पहिल्या ढिगातली विक्री किती टक्के, ते काढा. ती निम्म्यावर असेल तर नव्या कर्जाने घेतलेलं प्रत्येक मशीन दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगाचं काम करू शकतं का, हा पहिला प्रश्न. जनरल पर्पज व्हीएमसी (वेगवेगळी कामं करणारं संगणकी मशीन) करू शकते, एका व्हॉल्व्हसाठी बनलेली स्पेशल मशीन करू शकत नाही. घाबरून पहिला ढीग टाकूनही देऊ नये. पेट्रोल दुचाकी आणि तीनचाकी आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत जात राहतील, रिप्लेसमेंटचा बाजारही बरीच वर्षं राहील. त्या ढिगातून पैसा काढा, नवा पैसा घालू नका. बिडकीनमध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये प्रकल्प जाहीर केले आहेत. त्यांच्या दाराशी उभं राहायचं तर ऑडिटची तयारी कारखाना सुरू व्हायच्या आधीची हवी.

निर्यात करणाऱ्यांसाठी

पहिली गोष्ट एचएसएन कोड, म्हणजे ज्यावरून शुल्क ठरतं तो मालाचा वर्गीकरण क्रमांक. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के आणि २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा पेपरात ‘५० टक्के’ एवढंच आलं. पण वाहनांचे कित्येक सुटे भाग मे महिन्यापासूनच वेगळ्या कलमाखाली २५ टक्क्यांवर होते आणि त्यांच्यावर ही बेरीज लागत नव्हती. स्टील-ॲल्युमिनियमचा हिशेब तिसराच. आपल्या प्रत्येक मालाचा सहा आकडी कोड, अमेरिकी आयातदार कोणत्या कोडने उतरवतो तो कोड, आणि आज लागू दर, अशी तीन रकान्यांची यादी कस्टम हाउस एजंटकडून दर महिन्याला तपासून घ्या. दर पुन्हा बदलतात, यादी जुनी झाली की उपयोग शून्य.

डॉलरचं तत्त्व सोपं ठेवा: पक्क्या ऑर्डरच्या पन्नास-साठ टक्क्यांचा फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा डॉलरचा दर बँकेशी आजच पक्का करणं), अंदाजाच्या ऑर्डरवर काहीच नाही. ऑर्डर रद्द झाली आणि फॉरवर्ड उभा राहिला, तर तो सट्टा होतो. कोटेशनची मुदत तीस दिवसांवर नको आणि त्यात स्टीलच्या भावाचं सूत्र हवं. नव्या ग्राहकाला उधारी द्यायची तर आधी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा.

डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजं जायला लागली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. समृद्धी महामार्गाने न्हावाशेव्याच्या वाटेत वाचलेले काही तास त्यापुढे किती? ग्राहकाकडे तीन आठवड्यांचा माल पोहोचवून ठेवायचा असेल तर त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज भावात धरा, नाहीतर ते तुमच्या चार लाखांतून जातं.

युरोपला बोल्ट, स्क्रू, लोखंडी-ॲल्युमिनियमच्या वस्तू पाठवणाऱ्यांना कार्बनचा हिशेब द्यावा लागतो. माहिती देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला, पैसे मोजण्याचा १ जानेवारी २०२६ ला. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. ही मर्यादा आयातदाराच्या एकूण मालाला आहे, तुमच्या एकट्याच्या नाही. लोखंडाच्या बाबतीत तुमच्या कारखान्याच्या विजेपेक्षा तुम्ही घेतलेल्या सळईच्या पोटात किती कार्बन आहे, तेच जास्त भरतं. भंगार वितळवून झालेली सळई आणि कोळशावरच्या स्पंज आयर्नमधून झालेली सळई दिसायला सारखीच असते, कागदावर मात्र बराच फरक पडतो. म्हणून मिल सर्टिफिकेटबरोबर उत्पादनाची पद्धत आणि उत्सर्जनाचा आकडा लेखी मागा. तो दिला नाही तर आयातदार ठोकळेबाज आकडा धरतो, आणि तो सहसा तुमच्या सोयीचा नसतो.

माणसं आणि पाणी

कागद कितीही चांगला असला तरी मालक सात दिवस गावात नसताना कारखाना थांबत असेल तर तो कागद मालकाच्या डोक्यातच राहिला म्हणायचा. अधिकार रकमेत लिहा: सुपरवायझर पाच हजारांपर्यंत, प्लँट मॅनेजर पन्नास हजारांपर्यंत, त्यापुढे फोन. लाइन थांबवण्याचा अधिकार मात्र क्वालिटीच्या माणसाला रकमेविना द्या. खराब माल ग्राहकाकडे गेल्यावर येणारी डेबिट नोट आणि तिथे जाऊन माल निवडण्याचा खर्च, तासभर लाइन थांबण्यापेक्षा किती तरी महाग पडतो. घरचे चारजण भागीदार असतील तर कारखान्याची बैठक जेवणाच्या ताटावर नको. काका काय म्हणाले याची नोंद राहत नाही आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

मनुष्यबळाची योजना आपल्या पंचांगाने करा. पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणीला हजेरी उतरतेच, वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडचा माणूस शेतावर असणारच. ते धरून साठा आणि पाळ्या बांधायच्या. दरवर्षी त्यावर चिडून काही होत नाही.

पाणी हा आपल्याकडचा असा धोका आहे की तो परदेशी सल्लागाराच्या यादीत तळाला असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. मर्यादा-पत्रकात एक ओळ जायकवाडी किंवा मांजरा धरणाच्या साठ्याची ठेवा. १५ ऑक्टोबरला साठा बघायचा, कारण पाऊस जवळपास संपलेला असतो आणि पुढच्या जूनपर्यंतचं चित्र त्या दिवशी समोर असतं. तेव्हाच पुनर्वापराचा टँक, टँकरचा करार आणि ग्राहकाला उन्हाळ्याआधी जास्तीचा माल, यांचा निर्णय होतो. मार्चमध्ये टँकरवाला सांगेल तो भाव.

तिमाहीची बैठक

तीन तास, पाच माणसं, कारखान्याबाहेर. पहिला अर्धा तास मागच्या तिमाहीची निर्णय-वही वाचायची. प्रत्येक निर्णयासमोर तारीख, तो का घेतला, कोणता आकडा कुठे जाईल असं वाटलं होतं आणि तो तपासायचा दिवस, एवढं लिहिलेलं असावं. वाचताना कोण चुकलं हे शोधायला बसलात तर पुढच्या वेळेपासून कुणी नेमकं लिहिणार नाही. अंदाज चुकला, की मर्यादा चुकीची होती, की मर्यादा ओलांडली आणि हललोच नाही, यांतलं काय झालं तेवढं ठरवा. तिसऱ्या प्रकारच्या चुका वारंवार दिसल्या तर पहिलं पाऊल उचलणारा माणूस बदला.

मग प्रत्येक मर्यादा पुन्हा तपासा. शेवटी एकच प्रश्न: या तिमाहीत काय बंद करायचं? एखादा तोट्याचा भाग, नव्वद दिवसांनी पैसे देणारा ग्राहक, कुणी न बघणारा रिपोर्ट. निदान एक नाव लिहिल्याशिवाय उठू नका. तोट्याचा भाग बंद करायचा झाल्यास ग्राहकाला सहा महिन्यांची लेखी नोटीस आणि डाय परत नेण्याची तारीख द्या. डाय बहुधा त्याच्या मालकीची असते, आणि ती तुमच्या शेडमध्ये पडून राहिली तर वर्षाने तोच भाग जुन्या भावात परत गळ्यात पडतो.